पाणी कशात दिसतं

वाशिम जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. काटेपूर्णा इथल्या डोंगरांत उगम पावते, उत्तरेकडे निघते, महानच्या धरणात अडते, अकोलेकरांची तहान भागवते आणि पुढे पूर्णा, तापी करत अरबी समुद्राची वाट धरते. पूस, अरुणावती, अडाण यांचं पाणी मात्र पैनगंगेत जातं आणि तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं मजल दरमजल करत बंगालच्या उपसागराला पोचतं. एकाच ढगातून एकाच शिवारावर पडलेल्या दोन सरी, पण मधे हातभर उंचवटा आला की एकीची दिशा पश्चिम, दुसरीची पूर्व. हा उंचवटा एरवी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यावरून रोज बैलगाडी जाते, शाळेची मुलं जातात. तो आहे हे पाऊस पडल्यावरच कळतं.

आज सकाळी याच धाग्याने विचार करावासा वाटतो. पाणी जमिनीचा चढउतार दाखवतं हे खरं, पण खुद्द पाणी कशात दिसतं? त्याला स्वतःचा रंग नाही, स्वतःचा आकार नाही. चित्रकाराने पाणी हा विषय घेतला की त्याची पहिली अडचण हीच असते. बैल काढता येतो, झाड काढता येतं. पाणी काढायचं तर काठ काढावा लागतो, घडा काढावा लागतो, विहिरीचं तोंड, नावेचा तळ, माणसाची ओंजळ काढावी लागते. गेल्या काही दशकांत आपल्याकडच्या आणि जगभरच्या कलावंतांनी पाणी हा विषय फार आस्थेने हाती घेतला आहे. त्यांची जी कामं माझ्या मनात घर करून राहिली, त्यांत एक गोष्ट समान आहे. त्या कलावंतांनी पाण्याइतकंच लक्ष पाणी धरणाऱ्या वस्तूकडे आणि पाणी वाहणाऱ्या माणसाकडे दिलं आहे.

वाशिमला ही जाण नवी नाही. हे जुनं वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने इथे वाकाटक राजवंशाच्या दुसऱ्या शाखेची राजधानी वसवली. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागतं ते याच गावात. या गावात 108 तीर्थं होती असं परंपरा सांगते. पद्मतीर्थ त्यांतलंच. 18व्या शतकात भवानी काळू यांनी बांधलेलं बालाजीचं मंदिर आणि त्याजवळचं तळं आजही गावाची ओळख सांगतात. माथ्यावरचं गाव, बारमाही मोठी नदी नाही, खाली काळा खडक. भेगांत आणि मुरमाच्या थरात जेवढं मुरेल तेवढंच पाणी हाती लागायचं. अशा गावाने पाणी साठेल त्या प्रत्येक जागेला नाव दिलं, देव दिला, कथा दिली. जे जपायचं त्याला पूज्य ठरवायचं, ही त्या काळची रीत होती.

याच वत्सगुल्माचा राजा हरिषेण. 5व्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या अमलाखाली अजिंठ्याच्या लेण्यांचं मोठं काम झालं. 16 क्रमांकाचं लेणं त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिलं, 17वं त्याच्या एका मांडलिकाने. वाघूर नदीच्या नालाकार वळणावर, धबधब्याच्या आवाजात ही लेणी खोदली गेली. 17व्या लेण्याच्या शिलालेखात लेण्याबरोबर गोड, गार पाण्याच्या टाक्याचाही उल्लेख येतो. दान देणाऱ्याला चित्रांइतकंच टाकंही सांगण्याजोगं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. भिक्खूंना ध्यानासाठी जागा हवी तसं प्यायला पाणी हवं, हे त्याने एकाच दगडावर लिहून ठेवलं.

आता त्याच काळातल्या 2 क्रमांकाच्या लेण्यात जाऊ. तिथे पूर्ण अवदान या बौद्ध कथेतलं एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडं, पुढे उंच होत गेलेली नाळ. जहाजाच्या मागल्या बाजूला छताखाली घडे ओळीने मांडून ठेवले आहेत. हे गोड्या पाण्याचे घडे असावेत, असं मला वाटतं. समुद्र काढणाऱ्या चित्रकाराला लाटा, मासे, जलचर एवढ्यावर भागवता आलं असतं. पण चहूकडे अथांग पाणी असताना जहाजावरच्या माणसाला जगवणारं पाणी वेगळं असतं आणि ते भांड्यात जपून न्यावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. समुद्रापासून कितीतरी कोस आत, डोंगराच्या पोटात बसून, चिखल, भुसा आणि तंतू मिसळून लिंपलेल्या भिंतीवर त्याने ते घडे एकेक करून काढले. पाणी हा विषय हाताळणाऱ्या आजच्या कुठल्याही कलावंताने त्या ओळीपुढे थोडा वेळ उभं राहावं.

वाशिम जिल्ह्यातच, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचं देवस्थान आहे. तिथली कथा सांगते, की ही मूर्ती मुळात वाळू आणि शेणाची, जेवणाआधी पूजा हवी म्हणून वाटेत घाईने घडवलेली. पूजा झाल्यावर ती पाण्यात सोडली गेली. पुढे कितीतरी काळाने एलिचपूरचा श्रीपाल राजा त्या पाण्याने रोगमुक्त झाला आणि तेव्हा मूर्तीचा शोध लागला. वाळूची मूर्ती पाण्यात विरघळायला हवी होती. कथेत पाण्यानेच ती सांभाळली. पाणी नुसतं धुऊन नेतं असं नाही, जपूनही ठेवतं, हा विश्वास या मातीत किती जुना आहे हे त्यावरून कळतं.

आपल्या काळात यायचं तर मला सर्वांत आधी गीव्ह पटेल आठवतात. मुंबईत डॉक्टरकी करणारे, इंग्रजीत कविता आणि नाटकं लिहिणारे, शिवाय चित्रकार असलेले पटेल (1940–2023) वर्षानुवर्षं एकच विषय रंगवत राहिले: विहिरीत वाकून पाहणं. दक्षिण गुजरातमधलं नारगोल हे त्यांच्या कुटुंबाचं गाव, तिथल्या विहिरी या चित्रांच्या मुळाशी आहेत. या चित्रांत क्षितिज नसतं. आपण काठावर उभे असतो आणि नजर सरळ खाली जाते. कडेचे दगड, फटीत उगवलेला झाडोरा, ओलीचे डाग, आणि तळाशी पाण्यात उतरलेलं आभाळ. खाली पाहताना वरचं दिसतं. खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने लहानपणी हे केलेलं असतं आणि मोठ्यांकडून त्यासाठी रागावूनही घेतलेलं असतं. पटेलांनी त्या वाकून पाहण्याला एका कलावंताच्या आयुष्याइतका वेळ दिला. विहीर हे पाण्याचं चित्र त्यांना कधी अपुरं वाटलं नाही, कारण प्रत्येक विहिरीची कडा निराळी, तिच्यातलं पाणी निराळ्या खोलीवर, आणि त्यात उतरलेलं आभाळही निराळं.

वाशिमच्या शिवारातली विहीर अशी रंगवायची तर चित्राचा बराचसा भाग काळ्या दगडाने व्यापला जाईल. वर मातीचा थर, खाली पिवळसर मुरूम, मग कातळ, त्यात सुरुंगाच्या खुणा, आणि एका बाजूने ओल दाखवणारा झरा. श्रावणात हात बुडवता येईल इतकं वर आलेलं पाणी मे महिन्यात तळाशी ताटाएवढं उरतं. त्या मधल्या भिंतीवर उतरत्या पाण्याच्या रेघा राहतात. हे वर्षभराचं टिपण निसर्ग दर साली दगडावर लिहितो. चित्रकाराने फक्त काठावर येऊन ते वाचायचं.

दिल्लीचे अतुल भल्ला यांनी यमुनेच्या काठाने पायी चालणं हीच आपली कलाकृती केली, तशीच त्यांनी दिल्लीतल्या पाणपोयांची छायाचित्रंही काढली. मोठं शहर अनोळखी वाटसरूच्या तहानेची काय सोय करतं, हे त्यांनी भांडी, तोट्या, कट्टे यांतून दाखवलं. तिकडे दूर आइसलँडमध्ये रोनी हॉर्न या कलावंत बाईंनी 2007 मध्ये एका जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत काचेचे 24 उंच खांब उभे केले आणि त्यांत त्या देशातल्या हिमनद्यांचं पाणी भरून ठेवलं. हिमनद्या आटत चालल्या असताना पुस्तकांच्या जागी पाणी ठेवणं, ही पुढच्या पिढ्यांसाठी केलेली नोंद आहे. भल्लांची पाणपोई आणि हॉर्न यांचा काचखांब, दोन्हींत पाणी तेच आहे. ते कुणी, कुणासाठी आणि किती काळजीने धरलं आहे, त्याने अर्थ बदलतो.

या कसोटीवर आपल्या घरातल्या वस्तूही कलाकृती ठरतात. वाशिम जिल्ह्यातल्याच मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे समाजाच्या वारशाचं संग्रहालयही उघडलं. बंजारा बायकांच्या भरतकामात एक वस्तू खास पाण्यासाठी आहे. डोक्यावर हंडा ठेवण्यासाठी चुंबळ, तिला कवड्या शिवलेल्या, आणि तिला जोडून मानेमागे लोंबणारं भरतकामाचं चौकोनी कापड. त्यावर आरसे, गडद दोऱ्याचे घट्ट टाके, काठाला पुन्हा कवड्यांची ओळ. पुढून पाहणाऱ्याला हंडा दिसतो आणि मागून चालणाऱ्याला हे कापड. म्हणजे पाण्याच्या वाटेवर एकीच्या मागे एक चालणाऱ्या बायकांनी एकमेकींसाठी मांडलेलं हे चित्र आहे.

त्या कवड्यांकडे नीट पाहावं. कवडी हे समुद्रातल्या जिवाचं कवच आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून, लदेणीचे तांडे घेऊन या लोकांनी सारा दख्खन पायाखाली घातला. समुद्राचं मीठ त्यांनी माथ्यावरच्या गावांना आणून दिलं, आणि समुद्राच्या कवड्या त्यांच्या बायकांनी गोड्या पाण्याच्या हंड्याखाली शिवल्या. त्या हाताला कुणी चित्रकार म्हटलं नाही. पण ओझं वाहण्याचं साधन इतकं देखणं करणं म्हणजे त्या श्रमाचा मान राखणं, आणि तो मान त्या बायकांनी स्वतःच स्वतःला दिला.

या मानाची गोष्ट एका शहरी कलावंत बाईंनीही ओळखली. मुंबईच्या नवजोत अल्ताफ बस्तरमध्ये कोंडागाव परिसरात गेल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेसूराम विश्वकर्मा या तिथल्या कलावंतांबरोबर अनेक वर्षं राहून-जाऊन काम करत राहिल्या. त्या सहवासातून 'नलपार' उभे राहिले. नलपार म्हणजे हापशीभोवतीचा घडवलेला चौथरा. हापशीवर पाणी भरायला बहुतेक बाया आणि मुलीच येतात. चिखलात पाय घसरतो, सांडलेलं पाणी साचून डबकं होतं, आणि भरलेला गुंड जमिनीवरून थेट डोक्यावर उचलताना कंबर धरते. या कलावंतांनी गावातल्या लोकांशी बोलून चौथरे बांधले, सांडपाण्याला वाट करून दिली, उचलण्याआधी गुंड टेकवायला उंच जागा केली आणि चौथऱ्यांवर तिथल्या परंपरेतले आकार घडवले. शिल्प कुठे संपतं आणि सोय कुठे सुरू होते, हे तिथे वेगळं काढता येत नाही. पाण्यावरच्या आजच्या कलेत मला हे काम फार वरच्या जागी ठेवावंसं वाटतं, कारण त्याने पाणी भरणाऱ्या मुलीच्या पाठीचा विचार केला.

पाणी धरणाऱ्या भांड्याची दुसरी, दुखरी बाजूही आहे. नागपूरचे चित्रकार सावी सावरकर यांच्या चित्रांत गळ्यात मडकं बांधलेला माणूस येतो. त्याची थुंकी रस्त्यावर पडून रस्ता विटाळू नये, म्हणून ते मडकं. कुंभाराच्या चाकावरून उतरलेलं तेच भांडं. कुणाच्या माजघरात त्यात गार पाणी, आणि कुणाच्या गळ्यात ते अपमानाचं ओझं. 20 मार्च 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता. ते पाणी कुणाच्या ओंजळीत जाऊ शकतं, हा होता. सावरकरांचं चित्र पाहिल्यावर पाण्याचं कुठलंही नुसतं सुंदर चित्र मला अर्धवट वाटू लागतं. निळ्या तळ्याचं चित्र काढावं, जरूर काढावं. पण त्या काठावर कुणाला उभं राहता येत नव्हतं, हेही आठवत राहावं. कला हे आठवायला लावते, म्हणून ती समाजाच्या कामाची आहे.

पाण्याला धरणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे रेघ. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा या दोघांनी 2009 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'सोक' नावाचं प्रदर्शन मांडलं. मुंबईचे नकाशे, आडवे छेद, छायाचित्रं, रेखाटनं यांतून त्यांनी साधाच मुद्दा मांडला. नकाशावर आपण जमीन आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ ओढतो आणि मग पावसाने ती ओलांडली की त्याला पूर म्हणतो. पण पाऊस रेघेत पडत नाही. तो सगळीकडे पडतो, मुरतो, झिरपतो, साचतो आणि मग वाहतो. 26 जुलै 2005 चा प्रलय सोसलेल्या मुंबईला ही गोष्ट दाखवणं गरजेचं होतं. माथ्यावरच्या वाशिमला ती वेगळ्या अंगाने लागू पडते. आपल्या नकाशावर नदी-नाले तेवढे दिसतात. ज्या बरड उतारावर, ज्या धुऱ्यावर, ज्या माळावर ते पाणी आधी पडतं, ती जागा नकाशात कोरी राहते. पाणी अडवायचं तर कामाला सुरुवात त्या कोऱ्या जागेपासूनच करावी लागते.

ही सुरुवात गावोगावच्या माणसांनी केलीही आहे. पाणलोटाचं काम चालू असताना टेकडीवर समतल चर आखतात ते पाहण्यासारखं असतं. मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन माणसं दोन काठ्या धरून उभी राहतात. दोन्ही मोजपट्ट्यांवर पाणी सारख्याच खुणेवर येईपर्यंत एकजण वर-खाली सरकतो. "थोडं खाली ये… अजून… बस, थांब." तिथे खूण करायची, पुढे जायचं. मग त्या खुणांवरून पांढरी फक्की मारली जाते आणि टेकडीच्या अंगावर वळणं घेत जाणारी रेघ उमटते. ही रेघ कुणाच्या मनाने आलेली नसते. टेकडीचा उतार आणि नळीतलं पाणी दोघं मिळून ती ठरवतात, माणूस फक्त फक्की सोडत जातो. पुढे त्या रेघेवर चर खणला जातो, पावसाचं धावणारं पाणी त्यात थांबतं, मुरतं, आणि खालच्या विहिरीच्या कातळातला झरा जरा जास्त दिवस टिकतो. पाण्याने स्वतःला थांबवण्यासाठी आखून दिलेलं याहून खरं रेखाटन मी कुठल्या दालनात पाहिलेलं नाही.

म्हणूनच चित्रकलेच्या तासाला आपल्या शाळांत मुलांना पाणी कसं काढायला शिकवतात, याची मला काळजी वाटते. दोन डोंगर, मधून निघालेली निळी नदी, काठावर झोपडी, आकाशात पक्षी. मंगरूळपीरच्या किंवा रिसोडच्या मुलाने ती नदी कधी पाहिलेली नसते. त्याने पाहिलेलं असतं ते दुपारी तापलेलं नळाचं तोंड, अंगणातला रांजण, टँकरमागची ओळ, आईच्या डोक्यावरचा गुंड, विहिरीत सोडलेली मोटर आणि पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरून घसरणारं तांबूस पाणी. या गोष्टी काढायच्या असतात, त्या चित्राच्या लायकीच्या असतात, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. अजिंठ्याच्या चित्रकाराने जहाजावरचे घडे काढले आणि गीव्ह पटेलांनी विहीर काढली ती हेच ओळखून.

माझं एक मागणं आहे, आणि ते अगदी करण्याजोगं आहे. शिवारफेरी काढण्याची, पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आता आपल्या गावांना माहीत आहे. त्या आकड्यांच्या जोडीला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक मोठं चित्र यावं. ते शाळेतल्या मुलांनी, चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि गावातल्या जाणत्या माणसांनी मिळून काढावं. आपल्या शिवारावरचं पाणी कुठे पडतं, कुठल्या धुऱ्याने वळतं, कुठल्या नाल्यात जातं, कुठल्या विहिरीत मुरतं, ते त्यात दिसावं. ते काटेपूर्णेचं की पैनगंगेचं, तेही दिसावं. पाणी भरायला कोण जातं, किती दूर जातं, कुणाच्या वस्तीला ते सर्वांत शेवटी पोचतं, हेही त्यात न लपवता यावं. दर वर्षी पावसाळ्यानंतर त्या चित्रात भर घालावी. आटलेली विहीर तशी दाखवावी, नवा चर नव्याने काढावा.

अशा भिंतीपुढे ग्रामसभा भरली, तर बोलणंही बदलेल. पाणी कमी आहे एवढंच म्हणून कुणाला थांबता येणार नाही. ते कुठे अडतं, कुठे निसटतं आणि कुणाच्या वाट्याला येत नाही, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल, आणि एकदा डोळ्यांसमोर आलेली गोष्ट नाकारणं गावाला जड जातं. पाण्यावरच्या कलेकडून माझी अपेक्षा एवढीच आहे आणि ती मोठी आहे. सुरुवात करायला एक भिंत, थोडा रंग आणि आपलं शिवार ओळखणारी चार माणसं पुरेत. पुढच्या मृगाआधी एखाद्या गावाने हे मनावर घ्यावं.